ढवळीला हळद लागली

बीड जिल्ह्यात आजवर जितक्या गाड्या रस्त्यात तापल्या, तितक्या सगळ्यांची नाडी माझ्या थोरल्या साडूंनी पाहिलेली आहे, आणि त्यांतली एकही त्यांच्या हातून थंड झालेली नाही. हे मी द्वेषाने म्हणत नाही. साडू-साडूंत जो काही द्वेष असायचा तो आमचा सासऱ्यांच्या पंगतीत पहिला पाट कोणाचा या एका वादातच वापरून संपला. मी केवळ पाहिलेलं सांगतो आहे. रस्त्याच्या कडेला बॉनेटचं तोंड वासून एखादी गाडी उभी दिसली, की हा गृहस्थ लग्नाला निघालेला असो की मयतीला, आधी तिथे थांबणार. थांबायचं कारण विचारलं तर म्हणणार, "मुकं जनावर हाय साडू, त्याला बोलता येतंय का?"

जनावर हा शब्द ते सहज वापरत नाहीत. उभी नोकरी त्यांनी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात केली. हुद्दा व्रणोपचारक. या शब्दाचा अर्थ सरकारला ठाऊक असावा. लोकांच्या भाषेत जखमेवर पट्टी बांधणारा. पण आमच्या भागात जनावरांच्या डॉक्टरची बदली झाली की नवा येईपर्यंत कालवडीची गाय होते आणि गायीची म्हातारी. त्या मधल्या काळात दवाखाना साडूच चालवायचे, आणि मधला काळच जास्त असल्यामुळे चार गावं त्यांना डाक्टर म्हणू लागली. पुढे ते निवृत्त झाले, गोठे रिकामे झाले, गोठ्यांच्या जागी पत्र्याची शेड आली आणि शेडमध्ये चारचाकी आली. साडूंनी पेशंट बदलला. तपासायची पद्धत बदलायचं मात्र त्यांना काही कारण दिसलं नाही.

त्यामुळे तापलेल्या गाडीकडे ते कधीही समोरून जात नाहीत. पुढे वाफेचे लोट उठत असतात, ड्रायव्हर टोपीने वारा घालत असतो, पाच-सहा रिकामे लोक पाच-सहा मतं देत असतात, आणि आमचे साडू हात पाठीमागे बांधून गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन बसतात. उकिडवे. जनावराची नाडी शेपटीखाली असते. "तोंडाकडून गेलं की बुजतं," हे वर. मग दोन बोटं सायलेन्सरला लावतात. मागली दहा-बारा वर्षं ते हे करत आले आहेत, आणि दर वेळी बोटं भाजल्याचं त्यांना खरोखर आश्चर्य वाटतं. आता त्या बोटांवर रेषा म्हणून उरलेली नाही. रेशनच्या दुकानातलं मशीन त्यांचा ठसा घेत नाही. दुकानदार म्हणाला, "काका, तुमी तुमीच हाय कशावरून?" तर साडू म्हणाले, "सायलेन्सरला इचार."

नाडी झाली की कूस. बॉनेटवर टिचक्या मारत ते कान लावतात. पोट फुगलं आहे का ते बघायला. मग वास. मग ड्रायव्हरची उलटतपासणी: काल काय खाल्लं, म्हणजे डिझेल कोणत्या पंपावरचं, पाणी किती पेती, मागं कधी असं झालतं का, रात्री कुठं बांधलीवती. एकदा बीडच्या रस्त्यावर एका तरुण पुढाऱ्याची भलीमोठी गाडी अशी तापून उभी होती. काचेवर पक्षाचं नाव, आत एक माजी सरपंच, दोन भावी सरपंच आणि चार नुसते बसलेले. पुढारी गॉगल न काढता म्हणाला, "बघा बरं डाक्टर, नवी कोरी हाय, कावून तापती?" साडूंनी नाडी पाहिली, पोट वाजवलं, वास घेतला, आणि सगळ्यांसमोर निदान सांगितलं, "गाडीला कायबी झालेलं न्हाई. आत बसणारे लई गरम हायेत. चार उतरवा." एकही उतरला नाही. गाडी शेवटी दोराने ट्रॅक्टरला बांधून गेली, ते सातही जण आत बसलेले आणि काचा वर. साडूंचं हे एक निदान मात्र चुकीचं होतं असं मी शपथेवर सांगणार नाही.

परक्या गाड्यांचं हे झालं. घरची गाडी म्हणजे ढवळी. कोणे एके काळी ती पांढरी होती, म्हणून ढवळी. कोणत्या कंपनीची ते विचारू नका. कंपनीने तिला ओळख दाखवली नसती. साडूंची एकुलती एक लेक शीतल पहिलीत गेली त्या वर्षी ही गाडी दुसऱ्याच्या दारातून यांच्या दारात आली, आणि त्या पहिल्या दिवसापासून तापते. घाटावरच्या गावापासून शाळेपर्यंत जेमतेम दोन कोस, पण त्यात एक चढ होता. चढाच्या मध्यावर ढवळी सुस्कारे टाकायला लागायची आणि साडू ओरडायचे, "शीतल!" परकी माणसं बुचकळ्यात पडायची, हा बाप गाडीला मंत्र घालतो की काय. तेवढ्यात पुढच्या दाराने दप्तर पाठीवर घेतलेली पोर पाण्याची कॅन घेऊन उतरायची.

त्या पोरीला पाढे यायच्या आधी रेडिएटरचं झाकण उघडता येत होतं. ओलं पोतं टाकायचं, तोंड बाजूला करायचं, झाकण पाव आट्याने फिरवायचं, सू-सू थांबेपर्यंत थांबायचं आणि मगच काढायचं. तोवर गाडी चांगली निवलेली पाहिजे. हे शिक्षण साडूंनी तिला चोख दिलं. त्या बाबतीत त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. पुढच्या सीटवर बसून तिचं एकच काम असायचं, तापमानाचा काटा बघणे. बाप रस्ता बघणार, पोर काटा बघणार. "बाबा, काटा उठला." "किती?" "निम्म्याच्या वर." "आन् आता?" "बाबा, लालला टेकला." असं करत ती शाळेत गेली, कॉलेजात गेली, परीक्षांना गेली. उशिरा पोचल्याबद्दल मास्तरांनी कारण विचारलं की ती म्हणायची, "सर, काटा उठलता." आक्का, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, अजून म्हणतात, "माझी लेक पुस्तक कमी अन् काटा जास्ती वाचून ग्रॅज्युएट झाली."

आता मुद्द्याचं. ढवळी तापायची का? साडूंनी निदानात कसूर केली नाही. आधी पंख्याचा पट्टा सैल आहे म्हणून तो बदलला. मग पंखाच आळशी आहे म्हणून तो. मग थर्मोस्टॅट नावाचा एक भाग असतो, तो पाण्याला अडवतो असं कळल्यावर, "आपल्याच घरात आपल्याच पाण्याला अडवणारा हा कोण?" असं म्हणून तो कायमचा काढून टाकला. रबरी पाईप बदलले. पाणी उष्ण प्रकृतीचं असेल म्हणून कपिलधारच्या धबधब्याचं पाणी कॅन भरभरून आणलं, कारण ते थंड. ढवळीने तेही उकळून दाखवलं. एका गोष्टीला मात्र त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही, ती म्हणजे रेडिएटर. "त्याची मलमपट्टी मी स्वतः करतो," ते छाती पुढे काढून सांगत.

ती मलमपट्टी म्हणजे हळद. रेडिएटरला बारीक छिद्र पडून पाणी ठिबकायला लागलं, की त्यात मूठभर हळद टाकायची. ती पाण्याबरोबर फिरत छिद्रात जाऊन बसते आणि गळती थांबते. ही युक्ती खरी आहे, अडीनडीला भले भले ड्रायव्हर करतात. पण अडीनडीला. आमचे साडू जातीचे व्रणोपचारक. त्यांच्या लेखी गळती म्हणजे जखम आणि जखमेवर हळद. आणि जखम होण्याची वाट कशाला बघा, म्हणून आधीच थोडी. ढवळीच्या पुढच्या खणात कागदपत्रं नसत, हळदीची पुडी असे. आक्कांच्या भाजीत एखाद वेळी हळद कमी पडली असेल, ढवळीला कधी पडली नाही.

बीडचे एक वयस्क मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, एकदा माझ्या समोर कपाळाला हात लावून म्हणाले, "मास्टर, ये गाडी को कुच बीमारी नै है. ये गाडी को डाक्टर है."

मी शाळामास्तर असल्यामुळे हे वाक्य पाठ करून ठेवलं आणि पुढच्याच सणाला साडूंना ऐकवलं. ते रागावले नाहीत. पुरणपोळीवर तूप घेत म्हणाले, "चाचा लोखंडाचा माणूस हाय. त्याला जिवाचं काय कळतंय?"

अशा या ढवळीवर एके दिवशी शीतलचं लग्न येऊन ठेपलं. स्थळ चांगलं, नारायणगडाच्या बाजूचं. मुलगा शिकलेला, घरचे सज्जन, आणि गाडी नवी. ही शेवटची गोष्ट साडूंना थोडी लागली होती. आमच्याकडे नवरदेवाला लावून उरलेली हळद, उष्टी हळद, नवरीकडे आल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. ती आणायचं काम वरपक्षाचं. व्याह्यांनी फोन केला, "सकाळी आमची गाडी पाठवतो हळद घेऊन." झालं. साडूंचा आवाज एकदम चढला. "तुमी कावून तरास घेता? घरची गाडी हाय की. मी येतो, हळद बी आणतो अन् हळदीसंगं येणाऱ्या बाईमाणसाला बी आणतो." फोन ठेवल्यावर आक्कांनी कपाळाला हात लावला. शीतलने मात्र ढवळी धुतली, कॅन भरून मागे ठेवली आणि मला हळूच म्हणाली, "काका, तुमी जा बाबासंगं. काटा बघा." आयुष्यात मला अनेकांनी अनेक कामं सांगितली, पण इतक्या विश्वासाने नाही.

जाताना उतार, त्यामुळे ढवळी वाऱ्यासारखी गेली. साडू पांढरंशुभ्र नवं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला फेटा अशा थाटात. परत निघालो तेव्हा मागे नवरदेवाची थोरली आत्या बसली होती. मांडीवर स्टीलचा डबा, त्यावर लाल फडकं. आत्याबाईंना बघून माणूस आपोआप सावरून बसावा अशा बाई. बाराच्या आत हळद लागायची होती, दहा वाजले होते, ऊन वैशाखाचं. बीड मागे पडलं आणि मांजरसुंब्याचा घाट सुरू झाला. मी काट्यावरून नजर काढली नाही. काटा निम्म्यावर आला. निम्म्याच्या वर गेला. आणि घाटाच्या बरोबर मध्यावर, जिथे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला भन्नाट जाणारे ट्रक, तिथे मी शीतलचं ते वाक्य उच्चारलं, "साडूभाऊ, लालला टेकला."

गाडी कडेला लागली. बॉनेटच्या फटींतून वाफेचा ढग निघाला. साडू उतरले, आणि तेवढ्या धामधुमीतही सवयीने गाडीच्या मागे जायला निघाले.

"अहो पाव्हणं," मागून आत्याबाईंचा आवाज आला, "धूर फुडून निघालाय, तुमी मागं कुठं निघाला?"

"नाडी बघतो."

"आधी आमची बघा. इथं जीव चाललाय गरमीनं."

बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या जाळीतून पिचकारीसारखी बारीक धार उडत होती. साडूंचा चेहरा उजळला. निदान झालं होतं. "जखम हाय," ते म्हणाले आणि धावत पुढच्या खणाकडे गेले. खण उघडला. पुडी नव्हती. मग ते हळूच खाली बसले. आदल्या दिवशी लग्नघरच्या स्वयंपाकात हळद कमी पडली होती, आणि ती पुडी त्यांनी स्वतःच्या हाताने आक्कांना नेऊन दिली होती.

आम्ही अर्धा तास गाडी निवायची वाट बघितली. आक्कांचे तीन फोन आले. नवरी पाटावर बसलीय, बायका जमल्यात, कुठंवर आलात? साडू तिन्ही वेळा म्हणाले, "आलोच." शेवटी मी म्हणालो, "साडूभाऊ, मागनं येणारी कोणतीबी गाडी थांबवू. मी आन् आत्याबाई डबा घेऊन पुढं जातो. तुमी मागनं या."

साडूंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता एखादं जनावरांच्या दवाखान्यातलं सुभाषित ऐकायला मिळणार. ते म्हणाले, "अन् लेकीला काय सांगू? ज्या गाडीनं ती शाळंत गेलती, कालिजात गेलती, ती गाडी तिची हळद न्यायला न्हाई आली म्हणू? आखरीच्या टायमाला ढवळीनं तोंड फिरवलं म्हणू?"

मी माझं म्हणणं मागे घेतलं. असं फार वेळा होत नाही. साडूंची नजर एव्हाना लाल फडक्यावर गेली होती. ती नजर आत्याबाईंनी पकडली आणि डबा पोटाशी धरला. मला घाम फुटला. पोरीच्या बापाने पोराच्या आत्याकडे उष्टी हळद मागायची, आणि ती पोरीसाठी नव्हे, रेडिएटरसाठी! या एका मागणीवर आमच्याकडे लग्नं मोडली आहेत असं मी म्हणणार नाही, कारण ही मागणी याआधी कोणी केलीच नसणार.

"किती लागल?" आत्याबाईंनीच विचारलं.

"निम्मी," साडू खालच्या आवाजात म्हणाले.

बाईंनी फडक्याची गाठ सोडली. "घ्या. पर चिमूटभर तरी माघारी पायजे."

कालवलेली हळद होती, घट्ट, तेलाच्या वासाची. साडूंनी झाकण काढून, पाणी घालून, निम्मी हळद सोडली. धार थांबेना. मग ते स्वतःशीच पुटपुटले, "औषध निम्मं दिलं की दुखणं उलटतं," आणि मी अहो अहो म्हणेपर्यंत डबा पालथा केला. मला म्हणाले, "बसा गाडीत. हळूच अ‍ॅक्सिलेटर द्या. फिरू द्या अंगातनं."

आता इथे माझी थोडी चूक झाली हे मी मान्य केलं पाहिजे. हळूच हा शब्द मला ऐकू आला होता. पण आत्याबाईंच्या देखत आपल्यालाही गाडीतलं कळतं असं दाखवावं, असं कुठेतरी वाटलं असावं. मी पाय दाबला. रेडिएटरच्या उघड्या तोंडातून पिवळ्याजर्द कोमट पाण्याचा एक खांब उसळला आणि वाकून बघणाऱ्या साडूंच्या अंगावर कोसळला. फेटा पिवळा, मिशा पिवळ्या, नवा सदरा पिवळा. गालांवर, कपाळावर कालवलेल्या हळदीचे थर. ते तसेच उभे राहिले, डोळे मिटून, नवरदेवासारखे. आणि आत्याबाई अशा हसत सुटल्या की जाणाऱ्या ट्रकवाल्याने वेग कमी केला. "अगं बाई! आमच्या पोराची उष्टी हळद सासऱ्यालाच लागली!"

धार मात्र थांबली होती. साडूंनी एक डोळा उघडून आधी तेच बघितलं.

पुढचा घाट आम्ही कसा चढलो हे सांगायला मी जिवंत आहे हीच देवाची कृपा. गळती थांबली तरी काटा पुन्हा उठायला लागला. तेव्हा साडूंनी गाडीतला हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची गरमी अशी आत ओढून घेतली की इंजिनाला थोडा आराम मिळतो. युक्ती ही पण खरीच आहे. फक्त वैशाखात, बीड जिल्ह्यात, सकाळच्या साडेअकराला. काचा खाली, बाहेरून उन्हाची झळ, आतून हीटरची. "तिचा ताप आपण वाटून घ्यायचा," साडू म्हणाले. त्यांच्या मिशीवरची हळद वाळून तडकत होती. आत्याबाईंनी हसणं थांबवून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली होती.

दारात पोचलो तेव्हा बाराला दहा कमी होते. मांडवातल्या बायका पुढे धावल्या. आक्का ओवाळायचं ताट घेऊन आल्या आणि नवऱ्याकडे बघून जागीच थांबल्या. "हे काय? हळद कुठं हाय?" आत्याबाईंनी रिकामा डबा पुढे केला. बायकांत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं अपशकुन, कोणी म्हणालं पुन्हा माणूस पाठवा, तोवर वेळ निघून जाईल म्हणून कोणी हळहळलं. आणि साडू, ज्यांच्याकडे जगातल्या प्रत्येक दुखण्याचं निदान तयार असतं, ते मान खाली घालून उभे होते. त्यांना इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला हसू येत नव्हतं, याचंही मला तेव्हा आश्चर्य वाटलं.

गर्दी बाजूला झाली. शीतल पाटावरून उठून दारात आली होती. तिने बापाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बाबा, काटा कुठवर गेलता?"

"लालच्या बी वर गेलता, बाई."

"आन् तरी आणली?"

तिने हात पुढे केला, बापाच्या गालावरची हळद दोन बोटांनी खरवडली आणि आपल्या गालाला लावली. मग कपाळावरची काढली, आपल्या हाताला लावली. "हीच की ती," ती म्हणाली. "नवरदेवाचीच हाय. थोडी लांबून आली, एवढंच." साडू नांगराच्या बैलासारखे निमूट उभे राहिले आणि ती त्यांच्या अंगावरची हळद काढत राहिली. मांडवातल्या बायकांनी आत्याबाईंकडे बघितलं. निकाल त्यांचा होता. आत्याबाईंनी पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, "उष्टी ती उष्टी. कुणाच्या अंगावरून यावी, ते काय शास्त्रात लिवलेलं न्हाई. म्हणा गं गाणं!" गाणं सुरू झालं. साडू डोळे पुसत मला म्हणाले, "वाफ गेली डोळ्यात." वाफ तासाभरापूर्वीच गेली होती, पण मी दुजोरा दिला.

लग्नानंतर चाचांनी ढवळीचा रेडिएटर काढून मधोमध कापला. आत पाणी जायला वाटच उरली नव्हती. थरावर थर बसून वाळलेली, विटेसारखी घट्ट झालेली हळद. पहिलीपासून ग्रॅज्युएशनपर्यंतची सगळी. पट्टा नाही, पंखा नाही, थर्मोस्टॅट नाही, कपिलधारचं पाणी नाही. गाडी तापत होती ती या एकाच गोष्टीने. चाचांनी नुसता तो पिवळा तुकडा साडूंच्या हातावर ठेवला. आता तरी कबुली मिळेल म्हणून मी पुढे सरसावलो. साडूंनी तुकडा उलटसुलट करून पाहिला, वास घेतला, आणि म्हणाले, "रोग नव्हताच. माया जास्त झालती." चाचांनी पाना खाली ठेवला आणि चहा मागवला.

नवा रेडिएटर बसला. आता ढवळी तापत नाही. घाट एका दमात चढते, काटा निम्म्याला शिवतसुद्धा नाही. साडूंना याचं सुख व्हायला हवं होतं. पण पुढची सीट रिकामी असते, आणि त्या सीटसमोरचा काटा बघायला कोणी नाही म्हणून ते स्वतःच सारखे तिकडे बघतात आणि गाडी रस्ता सोडते. आक्कांनी त्यांच्याबरोबर बसणं बंद केलं आहे.

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी ते मला घेऊन निघाले. काम काय ते सांगितलं नाही. नारायणगडाकडच्या रस्त्यावर, शीतलच्या गावचा फाटा आला तिथे त्यांनी वेग कमी केला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तापली." मी काट्याकडे पाहिलं. काटा सावलीत झोपलेल्या कुत्र्यासारखा पडून होता. गाडी शीतलच्या दारात जाऊन थांबली आणि साडूंनी बॉनेट उघडलं. नाडी बघायला ते मागे गेले नाहीत हे माझ्या लक्षात आलं.

"या या डाक्टर," आत्याबाई ओसरीवरून म्हणाल्या, "ह्या रविवारी बी तापली का?"

ह्या रविवारी बी, म्हणजे हे दर रविवारचं होतं तर. शीतल बाहेर आली. "बाबा, च्या ठेवते." साडू मान हलवून म्हणाले, "न्हाई गं बाई." आमच्याकडे जुनी माणसं लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही पीत नाहीत, आणि साडू या बाबतीत जुने. "मला काय नको. हिला तेवढं पाणी दे. पर निवू दे आधी. गरम असताना झाकण उघडायचं नसतं, माहीत हाय ना?" तापलेलं इंजिन निवायला तासभर लागतो. न तापलेलं निवायलाही त्यांना तासभरच लागला. तो तासभर बाप-लेक लिंबाखाली बाजेवर बसून आक्कांच्या गुडघ्यांबद्दल, शेजारच्या म्हशीबद्दल बोलत राहिले.

मग ती कळशी घेऊन आली. ओलं पोतं टाकलं, तोंड बाजूला केलं, पाव आटा फिरवला. सू-सू झालीच नाही. झाकण काढलं तर पाणी काठोकाठ होतं. तिने बापाकडे पाहिलं नाही, कळशी तिरपी केली आणि ओतायला लागली. पाणी रेडिएटरच्या तोंडातून सरळ बाहेर येऊन बंपरवरून खाली मातीत जात होतं. ती ओतत राहिली, साडू बघत राहिले, तोंड किंचित उघडं, उन्हातून आलेला माणूस बघतो तसे. "लई तहानेली हाय बाई तुमची ढवळी," ओसरीवरून आत्याबाई म्हणाल्या, पण हळू.

कळशी रिकामी झाली. साडूंनी मिशीवरून हात फिरवला, आणि मग मी तिथे आहे हे त्यांना आठवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन बॉनेटच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा लिंबाच्या सावलीत गार पडला होता.

"साडूभाऊ," मी हात झटकत म्हणालो, "लईच तापली हो. पुढच्या रविवारी पुन्हा दाखवावी लागणार."